राबाची जागा

चैत्र सरत आला की बारवी धरणाच्या अंगानं धूर येतो. इथं बदलापूरच्या मांजर्लीत, तिसऱ्या मजल्यावर, सून वाळत घातलेले कपडे भराभरा आत ओढते आणि खिडक्या लावून घेते. "कचरा पेटवलाय कुणीतरी," म्हणते. तो कचरा नाही. तिकडच्या पाड्यांवर अजून काही घरं राब भाजतात, त्याचा धूर आहे तो. आधी शेणाचा येतो, जड, जमिनीला धरून चालणारा. मग त्यात ऐनाच्या पाल्याचा कडवट वास मिसळतो. शेवटी भाजलेल्या मातीचा येतो, भाकरीची कड करपावी तसा.

यंदा धूर आला तेव्हा घरात यमुना नव्हती. माझी बायको. मार्गशीर्षात गेली. दर वर्षी धूर आला की ती गॅलरीत जाऊन उभी राहायची आणि मी आतल्या खोलीत जायचो. मुलाला वाटायचं बाबांना धुरानं खोकला येतो आणि आईला येत नाही. त्याला तसंच वाटू दिलं.

आमचं गाव अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे, रुळांपासून आत, डोंगराच्या पायाशी. माती तांबडी. भाताचं रोप आधी एका लहान तुकड्यात वाढवायचं, मग उपटून खाचरात लावायचं. त्या रोपाला आम्ही आवण म्हणतो. आवण करायची ती जागा उन्हाळ्यात भाजून घ्यायची. खाली शेण, त्यावर झाडांचे टहाळे, त्यावर वाळला पाला, मग गवत, आणि वर मातीचा पातळ हात. वाऱ्याच्या उलट्या बाजूनं आग लावायची, म्हणजे ती भडकत नाही, रांगत जाते. सगळ्याची राख झाली की त्या राखेत भात पेरायचं. आमची राबाची जागा उंचवट्यावर होती, पाणी न थांबणारी. एवढीशी जागा, चार बैलगाड्या उभ्या केल्या तर भरेल. पण पुढची सगळी खाचरं तिच्या जिवावर. आवण गेलं की वर्ष गेलं.

राब भाजणं म्हणजे हाल. माघापासून झाडावर चढून टहाळे तोडायचे, हात सोलून निघायचे, लाल मुंग्या चावून अंग सुजायचं. मला त्याचा कंटाळा होता. खरं ते लिहितो. तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा, अंगात रग, आणि आपण गावात सगळ्यांपेक्षा हुशार आहोत अशी खात्री.

त्याच सुमारास कॅम्प वसला होता. कॅम्प म्हणजे आताचं उल्हासनगर. लष्कराच्या रिकाम्या बराकी, एकेका बराकीत कितीतरी सिंधी कुटुंबं, मधे गोणपाटाचे पडदे. घरं मागं टाकून आलेली माणसं, पण चूल रोज पेटवायला लागत होती आणि जळण मिळत नव्हतं. मी बैलगाडीत शेण्या, म्हणजे गोवऱ्या, आणि टहाळे भरून न्यायला लागलो. पहाटे निघालो की उन्हं तापायच्या आत गाडी रिकामी. एक म्हातारी होती, सगळे तिला अम्मा म्हणायचे. ती शेणी हातात घेऊन मोडून बघितल्याशिवाय घेत नसे.

"ओ भाऊ, परसों का गोबर गीला था," एकदा म्हणाली. "इतना धुआँ, मेरा आदमी रोने लगा. मैंने पूछा, क्या हुआ, घर याद आया? बोला, नहीं, तेरा चूल्हा."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसलो. म्हातारी हसली नाही. तिनं पुढची शेणी मोडली.

तर राबाचं शेण आणि टहाळे असे कॅम्पात गेले. मग राब भाजायचा कशानं? त्यावर मी तोड काढली. कल्याणहून पांढऱ्या खताचं पोतं आणलं. मिठासारखं दिसायचं, बोटाला गार लागायचं. नवीनच निघालं होतं तेव्हा.

यमुनानं मूठभर हातात घेऊन पाहिलं. "मिठात कुठं भात उगवतं?"

"तुला काय कळतं त्यातलं."

"राखेशिवाय राब कसा, अहो? राब म्हणजेच राख."

"ते जुनं झालं," मी म्हणालो.

पहिल्या साली आवण असं हिरवंगार आलं की लोक वाट वाकडी करून बघायला यायचे. माझी आई ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "आमच्या पोरानं डोकं लावलं. उगीच माकडासारखा झाडावर चढत नाय तो." दुसऱ्या सालीही बरं आलं, जरा पिवळट, पण आलं. त्या वर्षी मी कॅम्पातून यमुनासाठी जर्मनचं पातेलं आणलं. ॲल्युमिनियम हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता, आमच्याकडं जर्मनच म्हणतात. चांदीसारखं चकाकायचं. तिनं त्यात चिंचेचं सार केलं आणि ते रात्रभर त्यातच राहिलं. सकाळी बघते तर सार कळकलेलं, तोंडात धरवत नव्हतं, आणि पातेलं आतून काळं. आमच्या संसारातली पहिली मोठी हसाहशी झाली ती. "जर्मनला आंबट चालत नाय," ती मला शिकवल्यासारखं म्हणाली. "आंबट लागलं की ते सुटतं आणि सारात उतरतं." दामू तेव्हा तिच्या कडेवर होता. त्यानं त्या साराचं बोट चाटलं आणि जे तोंड केलं ते मला आता लिहिताना दिसतंय.

दामू आमचा पहिला मुलगा. आठ महिन्यांचा होऊन पौषात गेला. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी नव्हता. एवढं लहान मूल जाळत नाहीत, पुरतात. यमुना म्हणाली, त्याला राबाच्या जागेच्या कडेला ठेवू, शिवणीच्या झाडाखाली. पेरणीला, आवण काढायला मी तिथंच असते. माझ्या नजरेसमोर राहील. कुणी हरकत घेतली नाही. मीच खड्डा केला. त्याच्या अंगावर तिच्या जुन्या लुगड्याची, हिरव्या काठाची घडी होती.

त्या उन्हाळ्यात मी खत दुपटीनं टाकलं. मागच्या साली पिवळट आलं होतं ना, म्हणून.

पेरलं. उगवलं. बोटभर झालं आणि थांबलं. बाकी लोकांच्या आवणाला वारा लागला की ते लाटेसारखं हलायचं, आमचं हलत नव्हतं. पानांचे शेंडे वाळायला लागले. एक रोप उपटून पाहिलं. भाताचं मूळ म्हाताऱ्याच्या दाढीसारखं पांढरं, लांब, झुबकेदार असायला हवं. हे आखूड, जाड, तपकिरी होतं. टोकं बोथट. जशी कुणी चोखून टाकलेली.

हा शब्द माझा नाही, आईचा. तिनंच मुळं हातावर घेऊन निरखून पाहिली आणि म्हणाली, "चोखल्यात रे ही. खालनं कोणतरी चोखतंय."

यमुना तिथंच उभी होती. ती शिवणीकडं बघायला लागली.

चुलत्यानं त्याचं उरलेलं आवण दिलं म्हणून आमची अर्धी खाचरं तरी लागली. आणि घोटाळा असा की ते आवण आमच्याच खाचरात आठ दिवसांत तरारून उठलं. रान तेच, घर तेच, हात तेच. मग नासली ती फक्त राबाची जागा, जिथं पोर आहे. लोकांना याहून जास्त पुरावा लागत नाही. विहिरीवर बायका यमुनाला पुढं जायला वाट द्यायला लागल्या, पण बोलायच्या बंद झाल्या. माझ्या खताकडं कुणाचं बोट गेलं नाही. ते तर दोन वर्षं गाजलेलं होतं.

त्याच दिवसांत भाताची जपानी पद्धत शिकवायला शेतकी खात्याचे एक साहेब गावोगाव हिंडत होते. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर टोपी, स्वभावानं हसरे. मी एकटाच बांधावर होतो. त्यांनी आमची राबाची जागा पाहिली आणि स्वतःच खाली बसले. मुळं पाहिली. मग पिशवीतून काचेची नळी काढली, पाण्यात माती कालवली, निवळू दिली आणि त्यात निळ्या कागदाची पट्टी बुडवली. पट्टी लाल झाली.

"राब भाजतोस की नाही?"

"नाही साहेब. आम्ही सुधारलो."

"कधीपासून?"

"तीन सालं झाली."

"आणि काय घालतोस?"

पांढऱ्या खताचं सांगितलं. साहेब हसले, पण टोचून नाही. "अर्धाच सुधारलास की रे. माती आंबट झालीय तुझी. मुळातच ही तांबडी माती आंबट, राख तो आंबटपणा मारत होती. ती बंद केलीस, आणि हे खत आंबटपणा वाढवतं. खत वाईट नाही, पण राखेबरोबर घाल, चुन्याबरोबर घाल. नुसतं नको."

"पण मुळं का जळली साहेब?"

"मातीत ॲल्युमिनियम असतं, त्यानं."

"म्हणजे?"

"जर्मन रे. तुमची जर्मनची भांडी."

"आमच्या रानात भांडी कुठनं आली?"

आता मात्र ते मोठ्यानं हसले. "भांडी नाहीत, भांडी ज्याची होतात ते. सगळ्याच मातीत असतं, भरपूर असतं. एरवी बांधलेलं असतं, कुणाला त्रास देत नाही. माती आंबट झाली की सुटतं आणि पाण्यात उतरतं. मूळ ते पाणी पितं आणि आधी टोक मरतं. टोक मेलं की मूळ वाढणार कसं?"

चौथीच्या पुढं मी शाळा पाहिली नाही, पण हे मला एका झटक्यात समजलं. चिंचेच्या सारानं समजलं. "आणि खाचरात कसं आलं मग साहेब, शेजारचं आवण?"

"खाचरात पाणी उभं असतं. पाण्याखाली मातीचा आंबटपणा कमी होतो. ही जागा उंचावर, कोरडी, म्हणून इथंच दिसतं. पुढच्या साली चांगला जाड राब भाज. येईल. जमिनीचा काही दोष नाही."

जमिनीचा काही दोष नाही, म्हणजे दामूचा नाही, यमुनाचा नाही. हे शब्द खिशात घालून घरी जायचं होतं. तेवढंच काम होतं. वाटेत मी ते मनात घोळवत चाललो. आई विचारेल, माती आंबट कुणी केली? राबाचं शेण कुठं गेलं? चुलता म्हणेल, मग ते तुझं डोकं? ज्यांनी बांधावर उभं राहून माझं आवण वाखाणलं होतं ते हसतील. घराच्या दारात पोचेपर्यंत मी ठरवलं की आज नको, उद्या सांगू.

तो उद्या उजाडला आणि भगत आला. आईनं बोलावून घेतला होता. तो त्या जागेवर बराच वेळ डोळे मिटून उकिडवा बसला. मग म्हणाला, "पोर आईला सोडत नाय. आईनंच धरून ठेवलंय त्याला, दूध पाजायच्या जागी. ते भुकेलंय. खालनं मुळं ओढून पितंय. काढा त्याला, नदीला द्या. मग जागा भाजून शुद्ध करा."

ती रात्र यमुना भिंतीकडं तोंड करून होती. सकाळी मी बैलांना पाणी दाखवत होतो, ती मागं येऊन उभी राहिली.

"अहो, तुम्ही नको म्हणा. तुम्ही नको म्हणालात तर आई ऐकतील."

मी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

"त्याला परत बाहेर नका काढू. चिखल आहे सगळा."

"चार माणसांचं ऐकावं लागतं," मी म्हणालो.

तिनं आणखी विचारलं नाही. मला वाटतं तिनं आणखी एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आता तेही सांगत नाही. सांगितलं नसतं.

आषाढ संपत आला होता. पाऊस थोडा उघडला होता, शिवणीच्या पानांवरून मात्र गळत होतं. भगतानं यमुनाला लांब बांधावर बसवलं. खड्डा मीच केला होता, मीच उघडला. आत काय होतं ते मी लिहिणार नाही. हिरवा काठ ओळखू आला एवढं पुरे. आणि खाली, त्याच्या बाजूच्या मातीत, शिवणीची मुळं होती, चांगली पांढरी, जिवंत, कुणी न चोखलेली. ती बघून मी थांबलो. कुणालाच ती दाखवली नाही. फावड्याच्या पाठीनं माती परत ओढली.

त्याला नदीपर्यंत यमुनानंच नेलं. भगत नको म्हणत होता, तिनं ऐकलं नाही. उल्हास दोन्ही काठ धरून वाहत होती, गढूळ, तांबडी, आमच्याच डोंगराची माती घेऊन. यमुना कमरेएवढ्या पाण्यात गेली. सोडताना ती त्याला काहीतरी म्हणाली. पाण्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी कॅम्पाला एकही शेणी दिली नाही. वीतभर जाड राब केला. घरात सांगितलं, भगतानं शुद्ध करायला सांगितलंय ना, मग नीट भाजू. साहेबांनी सांगितलेली राख मी भगताच्या नावावर टाकली. आग दिवसभर रांगत होती.

आवण आलं. गावात कुणाचं आलं नसेल असं आलं. मुळं सुटी, पांढरी, मुठीत मावत नव्हती.

मला वाटलं होतं, पीक आलं की सगळं मिटेल. झालं उलटं. आई म्हणाली, "बघ, गेलं की नाय?" भगताला धोतरजोडी दिली. ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही गेली. आणि यमुना त्या हिरव्या आवणात उभी होती, एक रोप उपटून त्याचं मूळ बघत. आता तिला कुणी काही म्हणायची गरज उरली नव्हती. तिचं पोर भुकेलं होतं आणि तिनं त्याला स्वतःचं रान पाजलं, याचा पुरावा तिच्या हातात होता, पांढरा, धुतलेला. तो तिच्या हातात मी दिला होता.

पुढं आम्हाला दोन मुलगे झाले, एक मुलगी. दुःख धरून बसणारी बाई नव्हती ती. भांडायची, हसायची, लग्नात गाणी म्हणायची. पण पौषात एका दिवशी नदीवर वाटीभर दूध सोडून यायची. आणि गावात कुणाचं तान्हं गेलं की सगळ्यांच्या आधी तिथं पोचायची. एकदा शेजारची पोर, बाळंतीण, म्हणत होती की माझ्या बाळाला परसात ठेवा. यमुनानं तिचा हात धरला. "नको बाई. जवळ ठेवू नको. मी ठेवलं होतं. त्याला वाटतं आई इथंच आहे, मग ते मागतं." मी ओटीवर बसून विळ्याची मूठ बसवत होतो. त्या पोरीचं बाळ नदीला गेलं. आमच्या गावात पुढं तीच रीत पडली. आजही कुणी विचारलं तर सांगतील, फार जुनी रीत आहे.

मग कारखाने आले, रान गेलं, उरलं त्यातला एक तुकडा धाकट्या मुलानं विकला नाही, तेवढा राहिला. राबाची जागा त्यातच आहे. शिवण नाही.

गेल्या कार्तिकात यमुना अंथरुणाला लागली. बोलणं स्वच्छ होतं. एका दुपारी सून कामाला गेलेली, आम्ही दोघंच. ती म्हणाली, "अहो, मी गेले की माझं जे काही असेल ते नदीला द्या. रानाकडं नका नेऊ. पोरं म्हणतील थोडी राख रानात टाकू. टाकू देऊ नका. आपलं तिथं काही नको, नासेल ते."

तेव्हा मी सांगितलं. साहेब, निळी पट्टी, जर्मन, आंबट, कॅम्पात गेलेलं शेण, सगळं. भगत यायच्या आदल्या दिवशीच मला माहीत होतं, हेही सांगितलं. ती छताकडं बघत होती. मला वाटलं तिला नीट समजलं नसेल, म्हणून चिंचेच्या साराची आठवण दिली.

"समजलं मला," ती म्हणाली.

मग तिनं विचारलं, "म्हणजे त्याला भूक नव्हती लागली?"

"नाही गं. त्याचं काहीच नव्हतं त्यात."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडावर असं काही आलं की मला वाटलं, सुटली. मला वाटलं मीही सुटलो. मी तिचा हात धरायला पुढं सरकलो.

"मग राहू द्यायचं होतं की त्याला तिथं," ती म्हणाली.

त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. औषध घेतलं, पेज घेतली, मुलीशी बोलली, नातवाला जवळ घेतलं. मी उशाशीच असायचो. पाणी हवं असलं की ती सुनेला हाक मारायची. सून घरात नसली तर तहान धरून ठेवायची, ती येईपर्यंत. मला एकदाही "अहो" म्हणाली नाही.